थंड इंजिन

अनुसया फडतरे यांचं पत्र दिवाळीच्या सुमारास आलं होतं आणि त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. आप्पासाहेबांनी मुद्दाम टाळलं असं नव्हे. त्यांनी कितीदा तरी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, आणि दर वेळी ते मायन्यावरच अडले. 'प्रिय अनुसयाताई' लिहावं तर ज्या बाईला आपण एकदाच, तेही उघड्या ट्रंकांच्या पसाऱ्यात पाहिलं, तिच्याशी एवढी सलगी कशाला? 'मा. सौ. फडतरे' लिहावं तर वसुलीच्या नोटिशीसारखं वाटतं. चार कागद फाडून झाले की त्यांच्या पत्नी मधुमतीबाई आतून विचारत, "झालं का उत्तर?" आणि ते म्हणत, "उद्या लिहितो."

पत्र साधंच होतं. वडूजहून आलेलं, वहीच्या रेघांच्या कागदावरचं. 'आमच्या यांची तब्येत हल्ली बरी नसते. गाडी विकली ते चुकलं, असं सारखं म्हणतात. तुम्हाला ती कधी काढायची झाली तर कृपा करून आधी आम्हाला कळवा. तुमचा नंबर यांच्या जुन्या मोबाइलबरोबर गेला. पत्ता गाडीच्या कागदांवर होता म्हणून पत्र लिहिते.' खाली फोन नंबर. पण अनोळखी माणसाला आपण होऊन फोन करायचा म्हटलं की आप्पासाहेब अर्धे आकडे दाबून फोन खाली ठेवत. विमा कचेरीत तीस वर्षं काढूनही ते गेलं नव्हतं. आप्पासाहेब हे नावसुद्धा आपल्याला दोन मापं मोठं होतं असं त्यांना वाटे. जयपूरचे लोक आडनाव चिवटे ऐकून 'चिवडा साहब' म्हणत, तेच त्यांना जास्त शोभून दिसायचं.

गाडी त्यांनी सुभेदार रणजित फडतरे यांच्याकडून घेतली होती. फडतरे निवृत्त होऊन गावी निघाले होते. मिलिटरी स्टेशनातल्या त्यांच्या क्वार्टरसमोर ती राखाडी रंगाची डिझेल सेदान उभी होती, आणि तीन लाख किलोमीटर कधीच मागे टाकलेली असूनही एखाद्या तालमीतल्या म्हाताऱ्यासारखी ताठ दिसत होती. काश्मीरपासून जैसलमेरपर्यंत फडतऱ्यांनी ती स्वतः चालवली होती. किल्ली देताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"काका, दोनच गोष्टी सांभाळा. सुरू करताना काट्यांमधला तो पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं. आणि बंद करताना लगेच किल्ली फिरवायची नाही. मिनिटभर तशीच चालू ठेवायची. आत टर्बो तापून लाल झालेला असतो. एकदम बंद केली तर जळतो बिचारा. धावत आलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा उभं करतो, श्वास घेऊ देतो, तसं."

आप्पासाहेबांनी हे देवाची आज्ञा असल्यासारखं पाळलं. मुरलीपुऱ्याच्या गल्लीत, घराच्या फाटकासमोर, ते रोज गाडी उभी करून मिनिटभर तसेच बसून राहत. शेजारचे हसत. बेंगळुरूहून कीर्ती फोनवर म्हणे, "बाबा, द्या ना ती भंगारात. मतलब, किती चालवणार? पंधरा वर्षं होत आली तिला. परत पासिंगची कटकट करत बसणार का तुम्ही?"

"चालतेय गं."

"चालतेय म्हणजे काय! तुम्हीसुद्धा चालताय, म्हणून तुम्ही मॅरेथॉन पळता का?"

आप्पासाहेब कसनुसं हसत आणि फोन मधुमतीबाईंकडे देत.

कीर्तीला एक गोष्ट नीटशी ठाऊक नव्हती. मधुमतीबाईंनीच ती तिच्यापासून चोरून ठेवली होती. साखरेच्या आजाराने त्यांच्या तळपायांची आणि तळहातांची आग होई. आग म्हणजे तव्यावर पाय टेकवल्यासारखी. दोन उन्हाळे त्यांनी बादलीत पाय बुडवून काढले होते. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, मलमं दिली, शेवटी म्हणाले की नसा आहेत, सहन करायला शिकलं पाहिजे. ज्या बाईने चाळीस वर्षांत नवऱ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, ती उशीत तोंड खुपसून कण्हायची, आणि आप्पासाहेब पुस्तक उघडं धरून एकच ओळ वाचत राहायचे.

मग होळीच्या सुमारास केव्हातरी त्या गाडीत झोपल्या.

आमेरहून परत येताना झालं ते. पुतणी गौतमी आली होती, तिला किल्ला दाखवून, बसमध्ये बसवून ते परत निघाले होते. मधुमतीबाई मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसल्या आणि शहराच्या वेशीपर्यंत त्यांना गाढ झोप लागली. घरी पोचल्यावर त्या उठल्या, आपल्या तळव्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, आग थांबलीय."

"एसी तर लावला नव्हता."

"एसीनं नाही. एसीनं कातडी गार होते. हे आतून निवल्यासारखं. लहानपणी ताप आला की आई कपाळावर ओला रुमाल ठेवायची ना, तसं."

तेव्हापासून रोज दुपारी ते मधुमतीबाईंना गाडीतून फिरवू लागले. सीकर रोडने, कधी आमेरकडे, कधी पार टोंक रोडने चाकसूपर्यंत. दुपारी रस्ते रिकामे असत. नवरा पुढे, बायको मागे झोपलेली, काचा बंद. पाहणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला कुणीतरी ड्रायव्हर म्हणून ठेवलंय. आप्पासाहेबांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय.

तापमानाचा काटा वर चढत नाही हे त्यांच्या लक्षात आलं ते एप्रिलमध्ये. आधी तो अर्ध्यावर येऊन थांबत असे. मग पाव. आता तो तळाच्या रेघेवरच पडून राहायचा, कितीही चालवा.

भँवरजींचं गॅरेज सीकर रोडला लागूनच होतं. भँवरजी बोलका माणूस. प्रत्येक गाडीचा रोग त्यांना गाडी फाटकातून आत यायच्या आधीच समजलेला असे, आणि बहुतेक वेळा तो वेगळाच निघे.

"बाऊजी, थर्मोस्टॅट खुला रह गया. बस. आँख मूँद के बता दूँ."

थर्मोस्टॅट बदलला. काटा हलला नाही. मग काट्याचं सेन्सर बदललं. मग भँवरजी म्हणाले की मीटरच झोपलाय, आणि गाडी अजमेर रोडवर पिटाळून आणली. परत आल्यावर त्यांनी चालू इंजिनाचं बॉनेट उघडलं, सवयीने हाताला फडकं गुंडाळलं, तोंड बाजूला केलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं.

वाफ आली नाही. आवाजही झाला नाही.

भँवरजींनी वाकून पाहिलं. मग फडकं काढलं आणि एक बोट पाण्यात बुडवलं. बोट तसंच ठेवून ते आप्पासाहेबांकडे बघत राहिले.

"मटके का पानी है," ते म्हणाले. आणि नंतर, हसावं म्हणून हसत, "बाऊजी, इसमें तो कुल्फी जम जाए!"

गॅरेजमधलं दुसरं कुणी हसलं नाही. आप्पासाहेबांनी इंजिनावर हात ठेवला. लोखंड थरथरत होतं, कानाला दडे बसतील असा डिझेलचा खडखडाट चालू होता, आणि हाताला ते पहाटेच्या फरशीसारखं गार लागत होतं.

ऑइल बदलायला काढलं तेव्हा भँवरजींनी विनोद केला नाही. डिझेल गाडीचं ऑइल नवं घातल्यावर चार दिवसांत डांबरासारखं काळं होतं, हे आप्पासाहेबांनाही आता ठाऊक झालं होतं. दिवाळीच्या आधी घातलेलं ऑइल नळातून धारेने ट्रेमध्ये पडलं ते मधासारखं स्वच्छ होतं. तळाला ट्रेचे ओरखडे दिसत होते. भँवरजींनी ते हुंगलं, अंगठ्यावर चोळलं, आणि तेच ऑइल परत आत ओतलं.

पीयूसीच्या व्हॅनवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, काढली, पुन्हा घातली. "धुआँ ही नहीं ले रहा," तो आपल्या मशीनला थापट्या मारत म्हणाला, आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीचे आकडे टाकून त्याने सर्टिफिकेट देऊन टाकलं.

त्या दिवशी घरी आल्यावर आप्पासाहेबांनी कीर्तीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक शोधून काढलं. ऊर्जा नाहीशी होत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ती फक्त एका ठिकाणाहून दुसरीकडे जाते. हे त्यांना अर्थातच ठाऊक होतं. तरी त्यांनी ते वाक्य बोट ठेवून वाचलं. डिझेल संपत होतं, म्हणजे जळत होतं. जळत होतं, म्हणजे कुठेतरी तापत होतं. काजळी धरत होती. पुस्तक मिटून ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले. आपल्याला काही कळत नाही, आपण मेकॅनिक नाही, शास्त्रज्ञ नाही, आपण कोण शंका घेणारे, असं ते स्वतःला बजावत होते, आणि पाय थांबत नव्हते.

मे महिन्यात जयपूर भट्टीसारखं तापलं. गल्लीतली कुत्री गाडीखाली येऊन पडू लागली. इतर गाड्यांच्या सावल्या मोकळ्या पडल्या असताना साऱ्या गल्लीची कुत्री त्या एका गाडीखाली दाटीवाटीने झोपत. आप्पासाहेबांना त्यांना उठवताना संकोच वाटे. ते आधी हळूच टाळी वाजवत.

मधुमतीबाई आता खुशीत होत्या. साखर आटोक्यात होती. डॉक्टर म्हणाले, "कमाल है, क्या खिला रहे हैं?" त्या हसल्या. पण भर उन्हाळ्यात त्यांनी अंगात घालायला स्वेटर बाहेर काढला होता. त्यांच्यापुढे ठेवलेला चहा निवायला पूर्वीसारखा वेळ लागत नव्हता. एकदा औषध देताना आप्पासाहेबांचा हात त्यांच्या हाताला लागला आणि त्यांनी तो झटकन मागे घेतला. मग ओशाळून पुन्हा धरला.

"गार आहे ना?" त्या म्हणाल्या. "छान वाटतं हो मला."

मेच्या मध्यावर टायमिंग बेल्ट बदलायचा झाला. भँवरजींनी गाडी खोलून ठेवली आणि बेल्ट मिळेना. दिल्लीहून येणार, आज येणार, उद्या येणार. गाडी आठवडाभर गॅरेजात उघडी पडली. मधुमतीबाईंची आग परतली, आणि पहिल्यापेक्षा दुपटीने. त्या बादलीत पाय घालून बसत, बर्फ टाकत, बर्फ संपला की रडत. "गाडी कधी येणार?" हे त्यांनी इतक्यांदा विचारलं, की आप्पासाहेब स्वतः दिल्लीला जाऊन बेल्ट आणायची भाषा करू लागले.

सोमवारी सकाळी गाडी आली. जेवणं उरकताच ते दोघं बाहेर पडले. सीकर रोडला लागायच्या आतच मागून संथ श्वास ऐकू येऊ लागला.

त्याच आठवड्यात फोन आला.

"हॅलो, चिवटेकाका का? मी निलय. निलय फडतरे. मतलब, तुम्ही आमची गाडी घेतली होती ना, त्यांचा मुलगा." पोराचं मराठी छावण्यांमध्ये वाढलेल्या मुलांचं होतं, शब्द शोधत शोधत येणारं. "तुमच्या ऑफिसच्या पेन्शनर लोकांकडून नंबर काढला. मम्मीने एक पत्र पाठवलं होतं. मिळालं का?"

आप्पासाहेबांच्या तोंडून "नाही" निघून गेलं. तो शब्द आपलाच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना.

"हां, मला वाटलंच. मम्मी म्हणत होती, तुम्ही रागावलात. काका, गाडी आहे ना अजून?"

"सुभेदारसाहेब कसे आहेत?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"बरे नाहीत. अंगाची आग होते. खूप. हात लावला तर आपल्याला चटका बसतो काका, खरंच. पुण्याला दाखवलं, मिलिटरी हॉस्पिटलला दाखवलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. आणि खोकला. खोकतात ना, तर काळं पडतं. एकदम काजळासारखं. पप्पांनी लाइफमध्ये सिगरेट नाही ओढली."

आप्पासाहेब उभे होते ते खुर्चीच्या हातावर टेकले.

"सतत असतं का हे?"

"नाही, तीच तर गंमत आहे ना. गंमत मतलब... दुपारी जास्त. आणि मागच्या आठवड्यात एकदम ओके होते! झोपले, जेवले, शेतावर पण जाऊन आले. मम्मीने नवस फेडायची तयारी केली. मग सोमवारी जेवण झालं, पान खात बसले होते, आणि बसल्या जागी ओरडले." निलयने आवाज खाली आणला. "काका, त्यांना ती गाडी पाहिजे. का ते सांगत नाहीत. तुम्ही मम्मीला दोन ओळी लिहा ना. फोनवर सांगितलेलं तिला खरं नाही वाटत."

"लिहितो," आप्पासाहेब म्हणाले.

फोन ठेवून ते बाहेर आले. गाडीखाली एकही कुत्रं नव्हतं. ते गल्लीत दोन्हीकडे पाहत राहिले. मग त्यांना ती दिसली. घराच्या बाजूच्या भिंतीला, उन्हात, अंग चिकटवून ओळीने सगळी झोपली होती. त्या भिंतीच्या आत मधुमतीबाईंची खाट होती.

पुढचे दोन दिवस त्यांनी गाडी काढली नाही. डिझेल नाही म्हणाले. क्लच धरतोय म्हणाले. खोटं बोलण्याची सवय नसल्याने प्रत्येक कारणानंतर ते माफी मागत. मधुमतीबाई बादलीत पाय घालून भिंतीकडे बघत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पासाहेबांना त्यांच्या तळपायांवर वर आलेले फोड दिसले.

हा योगायोग आहे, ते मनाशी म्हणाले. दोन आजारी माणसं, दोन गावं, मध्ये हजारावर किलोमीटरांचे वाळवंट-डोंगर. आपल्यासारख्या भित्र्या, पुस्तकी माणसालाच असलं काही सुचतं. हे एकदा खात्रीने पाहिलं पाहिजे. खात्री झाली की मग निर्धास्तपणे चालवता येईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गाडी काढली. मधुमतीबाई मागे चढताना त्यांच्या खांद्याला धरून चढल्या आणि खांदा दाबून म्हणाल्या, "देव भलं करो तुमचं." टोंक रोडवर उन्हाने डांबर चकाकत होतं. चाकसूच्या अलीकडे एका खेजडीच्या झाडाच्या विरळ सावलीत त्यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवलं. काटा तळाला होता. मागे श्वास संथ चालला होता.

त्यांनी पत्रातला नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदाच सगळे आकडे त्यांनी एका दमात दाबले.

"हॅलो?" बाईचा दमलेला आवाज. मागे मोरीत पाणी ओतल्याचा आवाज.

"मी चिवटे. जयपूरहून."

"अगंबाई, काका! थांबा हं, थांबा. यांच्या अंगावर पाणी घालतेय. आत्ताच सुरू झालंय. दोन दिवस बरे होते." तांब्या बादलीत बुडाला, वर आला. पाणी पडलं, आणि तापल्या तव्यावर शिंतोडे उडावेत तसा बारीक चर्रर आवाज झाला. मग खोकला. खोल, खडखडणारा, एका लयीत चाललेला.

आप्पासाहेबांचा पाय अॅक्सिलरेटरवर होता. तो त्यांनी किंचित दाबला.

खोकल्याची लय वाढली.

त्यांनी पाय चटका बसल्यासारखा उचलला.

"काहीतरी म्हणताहेत," अनुसयाबाई म्हणाल्या. "काय हो? बंद करा? काय बंद करू? पंखा तर बंदच आहे. काका, असं सारखं म्हणतात, बंद करा, बंद करा."

आप्पासाहेबांनी किल्लीला हात घातला.

आणि थांबले.

ते मुद्दाम थांबले नाहीत. हातच थांबला. टोंक रोडने गाडी पळत आली होती. टर्बो तापलेला असणार. मिनिटभर निवू द्यायला हवी.

फोनमध्ये तो माणूस ओरडत होता. ज्याने हे शिकवलं तो माणूस.

आप्पासाहेब किल्लीवर बोटं ठेवून बसले होते. त्यांना घाम आला नव्हता. मिनिट कुठे संपतं हे त्यांना इतक्या वर्षांच्या सवयीने बरोबर कळायचं. ते संपलं तेव्हा त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन एकदा थडथडलं आणि गप्प झालं.

फोनमध्येही शांतता झाली.

"झोपले," अनुसयाबाई कुजबुजल्या. "बघा ना, एकदम झोपले! काका, तुमचा आवाज शुभ म्हणायचा." त्या हसत होत्या की रडत होत्या कळेना. "गाडीचं काय करताय ते पत्रानं कळवा हं. तुमच्या हातचं असू द्या. यांना वाचून दाखवते."

"हो," आप्पासाहेब म्हणाले.

गाडीत ऊन शिरायला लागलं. आधी काचांमधून, मग टपातून. सीटचं रेक्झिन तापलं. मागे हालचाल झाली.

"अहो."

ते काचेतून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"अहो, का थांबलो?"

"जरा."

"पाय..." त्यांचा आवाज बदलला. "अहो, पाय. लावा ना. लावा ना हो गाडी."

त्यांनी आरशात पाहिलं. बायकोने दोन्ही तळपाय हातांत धरले होते आणि ती लहान मुलीसारखी पुढे-मागे झुलत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तिने त्यांच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"मी काही मागितलंय का कधी?"

फोन अजून चालू होता. आप्पासाहेबांनी तो कानाला लावला. पलीकडे कुणीतरी शांत घोरत होतं.

त्यांनी आधी फोन बंद केला.

मग किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत ते थांबले.

उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं. एकटाकी लिहून झालं. मायन्याला अडखळायला झालं नाही, कुठे खाडाखोड झाली नाही. अक्षर तरुणपणी येई तसं आलं होतं.

'सौ. अनुसयाताई यांना सप्रेम नमस्कार. कळवण्यास वाईट वाटते, की गाडी आम्ही नुकतीच भंगारात दिली. तिचे सर्व भाग सुटे करून वितळवण्यात आले असल्याचे समजते. आता तिचा विचार सुभेदारसाहेबांनी मनातून काढून टाकावा. दुपारच्या वेळी त्यांना एकटे सोडू नये. पाणी भरपूर द्यावे.'

लिफाफा चिकटवून ते निघाले. पोस्टाची लाल पेटी चौकात, भर उन्हात उभी होती. मधुमतीबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या, म्हणून त्यांनी गाडी कडेला चालूच ठेवली.

पत्र आत टाकलं. ते तळाला पडल्याचा आवाज आला. पेटीवर हात टेकून ते जरा वेळ उभे राहिले. आत्ता वडूजला काय चाललं असेल याचा विचार करायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते त्यांना जमत होतं.

डाक काढायला आलेला पोस्टमन सायकलवरून उतरला. त्याने किल्ली काढण्याआधी पंजाला गमछ्याचे दोन वेढे घेतले आणि मग त्याचं लक्ष गेलं.

"अरे बाऊजी, हाथ! हाथ हटाओ! जल जाएगा!"

आप्पासाहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग सावकाश तो उचलला.

तापलेल्या लाल पत्र्यावर पंजाच्या आकाराचं दव धरलं होतं. पोस्टमन गमछा धरून तसाच उभा राहिला. ऊन त्या दवावर पडत होतं, आणि ते वाळत नव्हतं.